आंटींची वाइन आणि माझी रवी

ताकाच्या रवीचा मी आयुष्यात एकदाच गैरवापर केला. त्याचे जांभळे डाग बंगलोरच्या आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर आम्ही ते घर सोडेपर्यंत होते. दोनदा चुना लावला, तरी खालून डोकवायचे. हे म्हणायचे, "राहू दे गं, पाहुण्यांना दाखवायला बरे आहेत." मला त्यात विनोद दिसायचा नाही. अजूनही फारसा दिसत नाही.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. लग्न झालं आणि मी पुण्याहून थेट बंगलोरला आले. हे तिथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. कॉक्स टाउनात एका जुन्या बंगल्याचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. दोन खोल्या, एक चिंचोळं स्वयंपाकघर, तांबडी गुळगुळीत जमीन, मागच्या अंगणात पेरूचं झाड. खालच्या मजल्यावर घरमालकीण एकट्या राहायच्या. अँग्लो-इंडियन, विधवा, साठी ओलांडलेल्या, कायम फुलाफुलांच्या झग्यात. सगळी गल्ली त्यांना आंटी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले.

सकाळी साडेसहाला कारखान्याची बस ह्यांना घेऊन जायची, ती संध्याकाळी पाचला परत आणून सोडायची. मधले साडेदहा तास मी आणि भिंती. कन्नड येत नव्हतं. भाजीवालीशी माझा सगळा व्यवहार 'स्वल्प' आणि 'सरी' या दोन शब्दांवर चालायचा. थोडं हवं असलं की स्वल्प, पटलं की सरी. पुण्यात माझ्या तोंडाला कुणाचा आवर नसायचा, आणि इथे दिवसच्या दिवस मी ब्र काढत नव्हते. आई पत्रात विचारायची, "करमतं ना?" मी लिहायची, "हवा छान आहे."

आंटींशी बोलणं सुरू झालं ते एका शब्दामुळे. त्यांचं इंग्रजी मला झेपायचं नाही, आणि माझं शाळेतलं इंग्रजी त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही. मग त्या छावणीतली हिंदुस्तानी बोलू लागल्या. त्या भाषेत नकोला 'नक्को' म्हणतात. पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं, "चाय नक्को, बेटा," तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी रोज काही ना काही कारण काढून खाली जायला लागले.

आंटींचा एकुलता मुलगा नऊ वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला गेला होता. तिथेच स्थिरावला, लग्न केलं, आता आईला बोलावत होता. घर विकायचं ठरलं. नवे मालक आम्हाला वरच ठेवणार होते, पण आंटी जानेवारीच्या शेवटी निघणार होत्या, आगगाडीनं मद्रासपर्यंत आणि पुढे बोटीनं. मुलगा दर पत्रात लिहायचा की इथे सगळं मिळतं, फक्त तुझ्या हातची वाइन मिळत नाही. आंटी ते पत्र वाचून मला हिंदुस्तानीत सांगायच्या आणि घडी घालून परत झग्याच्या खिशात ठेवायच्या. दुसरं काही न्यायचं नाही, म्हणाल्या, पण तीन बाटल्या त्याच्यासाठी न्यायच्याच.

अडचण एकच होती. संधिवातानं त्यांच्या हातांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती. जिना चढवत नव्हता, पळी फिरवता येत नव्हती. आणि ती वाइन म्हणजे सगळा फिरवण्याचाच उद्योग.

एके दिवशी त्यांनी सरळ विचारलं, "तू करेगी क्या?"

मी अशा घरात वाढले होते, जिथे दारू हा शब्द उच्चारला तरी वडील खाकरायचे. आमच्या पुण्याकडे तर कायद्यानंच दारूबंदी होती. पण मी 'हो' म्हणून बसले. मनाशी म्हटलं, वैद्यांकडे द्राक्षासव मिळतंच की, हे त्यातलंच. शिवाय मला गर्व होता, तोही सांगून टाकते. आंबा, लिंबू, मिरची, माझं लोणचं कधी नासलं नव्हतं. बरणीत द्राक्षं घालायची, त्यात काय मोठंसं? रात्री ह्यांना सांगितलं. ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "तुझ्या वडिलांना मी काहीही लिहिणार नाही, एवढं वचन देतो."

ऑक्टोबर संपता संपता मी तिथल्या शिवाजीनगरच्या बाजारातून द्राक्षं आणली. बंगलोरची ती निळी-काळी, जाड सालीची, खाताना जीभ चरचरते अशी. आंटींच्या मागच्या पडवीत बसून धुतली, पुसली, कुस्करली. त्यात साखर, उकळून गार केलेलं पाणी, मूठभर गहू, चार लवंगा आणि पावाच्या भट्टीतून आणलेलं चमचाभर यीस्ट. नंतर वाइन नितळ व्हायला अंड्याचा पांढरा भाग घालतात, असं आंटी म्हणाल्या. मी म्हटलं, "माझ्या स्वयंपाकघरात अंडं नक्को." त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग जरा गढूळ पिऊ. खाली सामानाची बांधाबांध चालली होती, म्हणून बरणी वर माझ्याकडे आली.

पहिल्याच दिवशी मी माझी अक्कल चालवली. बरणीला चांगला दुहेरी दादरा बांधला, वर मेणकापड, त्यावर सुतळीचे सात वेढे. लोणच्याला बांधतात तसा, वारा लागता कामा नये. सकाळी मोठ्या तोऱ्यात आंटींना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"खोल, खोल, अभ्भी खोल! बंद नक्को करो. उसको सांस होना."

मी धावत वर गेले. मेणकापड पोळीसारखं टम्म फुगलं होतं. सुतळी सोडली तसा आतून एक लांब सुस्कारा निघाला, आणि आंबूस गोड वास स्वयंपाकघरभर पसरला. ह्यांनी मग संध्याकाळी समजावलं. यीस्ट साखर खातं, त्याची दारू होते आणि वायू सुटतो. त्या वायूला वाट दिली नाही तर तो स्वतः वाट काढतो. "गोळीसोडा पाहिलायस ना? तोच वायू," ते म्हणाले. त्यानंतर बरणीवर नुसतं पातळ फडकं राहिलं, सैल बांधलेलं.

तेव्हापासून रोजचा क्रम ठरला. सकाळी नऊला खालून हाक यायची, "हिलाया क्या, बेटा?" मी खिडकीतून ओरडायची, "हिलाया, आंटी!" कोरड्या लाकडी पळीनं वर आलेली सालं खाली दाबायची, हलकेच ढवळायचं, फडकं बांधायचं. बरणीला कान लावला की आत बारीक सरसर ऐकू यायची. लोणचं घातलं की विसरायचं असतं, त्याला ओला हात लागू द्यायचा नाही, सारखं उघडायचं नाही. हिला मात्र रोज भेटावं लागायचं. मला ते आवडायला लागलं. ढवळून झालं की मी खाली जायची, कसा वास येतो, फेस केवढा आहे, रंग कुठवर आला, सगळं आंटींना सांगायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या. तासभर तरी जायचा. माझं तोंड पुन्हा पुण्यातल्यासारखं चालू लागलं होतं.

तीन आठवड्यांनी मलमलीतून गाळली. चोथा निघाला, खाली जांभळा रस राहिला, चारेक बाटल्यांचा. धुऊन पुसून कोरड्या केलेल्या बरणीत तो भरला. आता बरणी गळ्यापर्यंत भरलेली बरी, वाऱ्याला जागा कमी, असं आंटींनी सांगितलं. मग तशीच ठेवून दिली. नाताळ आला आणि गेला. आंटींनी तो नाताळ बाजारच्या बाटलीवर काढला, आपली ही पोराची म्हणून तिला हात लावला नाही.

जानेवारी लागला तसं त्यांनी मला समोर बसवून शेवटचं काम नीट सांगितलं. रस शांत दिसत असला तरी त्याच्या पोटात वायू अडकून बसलेला असतो. तो आपणहून जात नाही, त्याला बाहेर काढावं लागतं. तो आत असताना बूच मारलं तर बूच तरी उडणार, नाहीतर काच फुटणार. म्हणून आधी अर्धा रस मोठ्या कल्हईच्या पातेल्यात काढून घ्यायचा, म्हणजे फेसाला वर यायला जागा राहते. खिडकी उघडी ठेवायची. भांड्यावर तोंड वाकवायचं नाही. लांब दांड्याची पळी घ्यायची आणि सावकाश फिरवायची, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. फेस चढला की थांबायचं, बसू द्यायचा, मग पुन्हा. पाच मिनिटं झाली की सगळा रस परत बरणीत. असं दिवसातून तीनदा, आठवडाभर. पाणी उडवल्यासारखं खळखळायचं नाही, फार वारा शिरला की वाइन आंबते.

"जोर से नक्को," त्या म्हणाल्या. "स्वल्प स्वल्प."

"कळणार कसं, वायू गेला म्हणून?"

त्यांनी औषधाची एक रिकामी बाटली काढून दिली. तिच्यात अर्धी वाइन घ्यायची, तोंडावर अंगठा दाबायचा, जोरात हलवायची आणि अंगठा काढायचा. फुस्स झालं तर वायू आहे. आवाज आला नाही की समजायचं, झालं.

चार दिवस मी सांगितलं तस्सं केलं. खरंच केलं. पाचव्या दिवशी भोगी होती.

लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत. पुण्यात असते तर सासूबाईंनी, आईनं, मावश्यांनी हलव्याचे दागिने केले असते आणि मी नुसती काळी साडी नेसून मिरवले असते. इथे मीच नवी नवरी आणि मीच हलवा करणारी. ह्यांच्या कारखान्यातल्या सहा मराठी बायका दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला यायच्या होत्या. शेजारच्या कानडी घरी एळ्ळु-बेल्ल द्यायचं होतं, म्हणजे त्यांचा तिळगूळच. परातीत तीळ, बाजूला पाक, मंद आचेवर बोटं भाजत हलवा चाललेला, आणि काटा काही धरत नव्हता. माझा पारा चढलेला. त्यात बारा वाजता आठवलं की सकाळची वाइन ढवळायची राहिली. खिडकीतून "हिलाया, आंटी" असं मात्र मी सवयीनं ओरडून मोकळी झाले होते.

म्हटलं, कशाला हे पाच पाच मिनिटांचं लाडाकोडाचं काम? वायूच काढायचा ना? ताकातनं लोणी काढते मी, त्यापुढे वायू म्हणजे काय? खुंटीवरची रवी घेतली. पातेल्यात रस काढण्याचा कंटाळा केला. तशीच गळ्यापर्यंत भरलेल्या बरणीत रवी घातली आणि दोन्ही तळव्यांनी गरागरा फिरवली.

तीनदा फिरली असेल. चौथ्यांदा फिरवायला मिळालंच नाही. बरणी उसळली. जांभळा फेस माझ्या कोपरांपर्यंत आला, भिंतीवर उडाला, ओट्यावरून जमिनीवर वाहायला लागला. मी मूर्खासारखी तळवा बरणीच्या तोंडावर दाबला, तर बोटांच्या फटींतून कारंजी उडाली, एक थेट डोळ्यात. डोळा चुरचुरत असताना मी रवी बाहेर ओढली, त्यासरशी आणखी भांडंभर सांडलं. मग सगळं शांत झालं. परातीतल्या माझ्या हलव्यावरही जांभळे ठिपके पडले होते.

खालून हाक आली, "क्या हुआ, बेटा?"

"कुछ नहीं, आंटी! दूध उतू गया."

खरं तर तेव्हाच जिना उतरायला हवा होता. मी जमीन पुसत बसले. बरणीत पाहिलं तर अडीच बाटल्याही नव्हत्या. आंटींना काय सांगायचं? ज्या पोरीनं मोठ्या ताठ्यानं बरणी वर नेली होती, तिनं रवी घातली म्हणून? त्यांना वाईट वाटेल याची मला भीती नव्हती, लाज वाटत होती. ओट्यावर हलव्याचा पाक उरला होता. गार झालेला, निर्मळ. मी त्यात उकळलेलं पाणी घातलं, सारखं केलं आणि बरणीत ओतलं. रंग जरासा फिका झाला, पण साडेतीन-चार बाटल्यांपर्यंत भरलं. चाखून पाहिलं, तर मला ते आधीपेक्षाही बरं लागलं. मला कुठे चव कळत होती म्हणा!

त्याच संध्याकाळी औषधाच्या बाटलीत थोडी घेऊन खाली गेले. आंटींनी माझा अंगठा बाटलीवर दाबायला लावला, मी हलवली, त्यांनी कान जवळ आणला. आवाज नाही. रवीनं तेवढं काम खरंच केलं होतं. आंटींचा चेहरा उजळला. आठवड्याचं काम पाच दिवसांत झालं, माझा हात चांगला आहे, म्हणाल्या. माझ्या गालावर त्यांनी आपली वाकडी बोटं ठेवली. मी खाली मान घालून उभी राहिले.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बाटल्या भरल्या. उकळलेली बुचं ठोकून बसवली, वरून तार आवळली, लाख लावली. मुलासाठी तीन झाल्या. उरलेली अर्धी बाटली साधं बूच लावून माझ्या फडताळात गेली, निघायच्या आदल्या संध्याकाळी आंटी आणि आम्ही दोघं मिळून प्यायची म्हणून.

आंटींची पत्र्याची मोठी ट्रंक भरायला मी मदत केली. त्यांचा लग्नातला पांढरा झगा, नवऱ्याचे फोटो, मुलाच्या बाप्तिस्म्याचं लेस लावलेलं आंगडं, चर्चमधलं गाण्यांचं पुस्तक, आईनं विणलेली टेबलावरची झाकणं. एवढंच त्यांनी पूर्ण आयुष्यातून निवडलं होतं. मधोमध त्या आंगड्याच्या आणि झग्याच्या घड्यांमध्ये तीन बाटल्या. मग ट्रंकेवर गोणपाट शिवलं आणि काळ्या रंगानं परदेशातला पत्ता घातला.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, मी तांदूळ निवडत होते. फडताळात फाट्‌कन आवाज झाला. दार उघडलं तर अर्ध्या बाटलीचं बूच तुरीच्या डाळीत जाऊन पडलं होतं आणि बाटलीच्या तोंडून जांभळा फेस निवांत ओघळत होता. ह्यांनी सांगितलेलं आठवलं, यीस्ट साखर खातं. मीच त्याला घासभर साखर वाढून आले होते. आणि या बाटलीला तर नुसतं बूच होतं. त्या तिघींना तार होती, लाख होती.

त्या आयुष्यभराच्या पांढऱ्या कपड्यांमध्ये.

दोन ते पाच मी काय केलं, ते सांगायला मला आजही आवडत नाही. मी गप्प राहता येतं का, ते पाहिलं. सकाळी हातगाडी येणार, ट्रंक स्टेशनवर जाणार. फुटल्याच तर वाटेत फुटतील, हमालानं आपटली म्हणतील, बोटीवरचा उकाडा म्हणतील. माझं नाव कुणाच्याही मनात येणार नाही. आंटी तिथून पत्र लिहितील आणि मी हळहळीचं उत्तर पाठवीन. इतकं सगळं मी रचून तयार केलं. मग जिन्याच्या मधल्या पायरीवर जाऊन बसले आणि ना वर जाववेना, ना खाली.

पाचला हे आले. मला पायरीवर पाहून घाबरले. मी रवीपासून पाकापर्यंत सगळं सांगितलं. ह्यांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं, मग अजून इथे काय करतेस?"

आंटी सामान काढून टाकलेल्या रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. रडणार नाही असं ठरवलं होतं, पण पहिल्याच वाक्याला रडू फुटलं. त्या उठल्या, स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि त्या सुजलेल्या बोटांनी स्वतः गोणपाटाचे टाके कापायला लागल्या. मी सुरी मागितली, तर दिली नाही.

बाटल्या तशाच्या तशा होत्या. आंटींनी एकेक जाड टॉवेलात गुंडाळून ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी मागच्या अंगणात नेऊन, टॉवेल तसाच ठेवून, तोंड पेरूच्या झाडाकडे वळवून, तार हळूहळू सैल केली. पहिलं बूच झाडाच्या फांद्यांतून पार कुंपणापलीकडे गेलं. दुसरंही तसंच. तिसऱ्या बाटलीच्या काचेला बुडाशी केसासारखी चीर गेली होती. तिच्यातलं सगळं ह्यांनी मातीत ओतून दिलं. आंटी ती चीर बोटानं चाचपत राहिल्या.

"शक्कर क्यों डाली, बेटा?"

"कम हो गया था, आंटी. आपको दिखता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"कम था तो कम ले के जाती मैं."

मग त्यांनी दाभण आणि सुतळी माझ्या हातात दिली आणि ट्रंक पुन्हा शिवायला सांगितलं. त्या बाजूला बसून टाके बघत राहिल्या. एक टाका सैल पडला, तेव्हा म्हणाल्या, "खेंच," आणि मी ओढला. बाटल्यांच्या जागी काहीच भरलं नाही.

सकाळी कँटोन्मेंट स्टेशनवर आम्ही दोघं गेलो. गाडी सुटायच्या आधी आंटींनी मुलाचा पत्ता लिहिलेला कागद मला दिला. राहिलेली वाइन, दोनेक बाटल्या, मी परत बरणीत घातली होती, फडकं सैल बांधून. ती नीट कर, त्या म्हणाल्या. सगळी साखर खाऊ दे, मग ढवळ, जशी सांगितली तशी. आवाज थांबला की मला पत्र टाक. मुलाला निदान सांगेन की झाली म्हणून.

मी त्या क्षणी पुण्याचा, बंगलोरचा, सगळा ताठा सोडून भर फलाटावर त्यांच्या गळ्यात पडले. आजूबाजूचे बघत होते. बघू देत, म्हटलं.

आंटी गेल्यावर खालचा मजला महिनाभर बंद होता. सकाळी नऊ वाजले की मी आपली खिडकीशी जायची. हाक येणार नाही हे माहीत असूनही जायची. फेब्रुवारीत बरणीतली सरसर कमी झाली, मग बंदच झाली. मी अर्धा रस पातेल्यात काढायला लागले, खिडकी उघडी, लांब पळी, स्वल्प स्वल्प, फेस चढला की थांबायचं. एक दिवस गाळला नाही. औषधाच्या बाटलीवर अंगठा धरून हलवायची, काढायची, कान लावायची. आधी फुस्स, मग नुसता उसासा, आणि एका सकाळी काहीच नाही.

हे विचारायचे, "झाली का?" मी म्हणायची, "अजून थोडी आहे."

थोडीही नव्हती. मार्चचा अर्धा महिना उलटला तरी मी ढवळतच होते, दिवसातून तीनदा. पळी हातात असली की आंटी खाली खुर्चीवर बसल्या आहेत, असं वाटायचं. शेवटी ह्यांनीच एका रविवारी चमचाभर चाखली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "हिचा शिरका झालाय गं. आता कोशिंबिरीत घाल." वारा शिरून शिरून ती पार आंबली होती.

त्याच दुपारी मी कागद घेऊन बसले. माझं पहिलं लांबलचक इंग्रजी पत्र. पेरूला फुलं आली, खाली नवे लोक राहायला आले, भाजीवाली तुमची आठवण काढते, असं दोन पानं लिहिलं. मग एका दमात लिहून टाकलं की आवाज थांबून तीन आठवडे झाले. हे पत्र टाकलं की तुमचं सांगितलेलं काम संपेल, म्हणून मी ढवळत राहिले. वाइन आंबली. माझ्यामुळे.

ह्यांनी पत्र तपासायला घेतलं. दोन्ही पानं पेन्सिलीनं काळी केली, स्पेलिंगं सुधारली, क्रियापदं बदलली. त्या शेवटच्या ओळींतही चुका होत्या, मला नंतर कळलं. तिथे मात्र त्यांनी पेन्सिल टेकवली नाही. पाकिटावर पत्ता घातला आणि म्हणाले, "चल, आपण दोघं जाऊन टाकून येऊ."